दुसरा प्रश्न

मी वर्गात आडवी होऊन शिकवते ते आळसामुळे नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक अर्धंच ऐकतात आणि बाकीचं स्वतःच्या मनानं जोडतात.

मी नर्सिंगच्या शाळेत शिकवते. शाळा म्हणजे हॉस्पिटलच्या मागची दुमजली इमारत. दोन्हींच्या मधे अंगण, अंगणात चादरी वाळत घालायच्या दोऱ्या. शिकवायला आम्ही तिघी होतो. एक बाळंतपणाच्या रजेवर गेली, दुसरीला परगावी चांगली नोकरी लागली, आणि दोघींचे वर्ग माझ्या गळ्यात पडले. वॉर्डातही माणसांची बोंब, त्यामुळे सकाळची ड्युटीसुद्धा माझ्याच नावावर. वॉर्डातून निघायचं, हात धुवायचे, अंगण ओलांडायचं आणि थेट फळ्यासमोर उभं राहायचं. नाकी नऊ आले होते.

खरं म्हणजे मी पक्की तयारीवाली बाई. पूर्वी हृदय शिकवायचं असलं की आदल्या संध्याकाळी मोठ्या कागदावर त्याचे चारही कप्पे चार रंगांत काढायची, आणि रंग वाळेपर्यंत घरात कुणाची जेवणाच्या टेबलाला हात लावायची टाप नव्हती. आमचे हे बसचालक होते, आता निवृत्त आहेत. ते ताट मांडीवर घेऊन जेवायचे आणि म्हणायचे, "आज यकृत की मूत्रपिंड?" ते दिवस संपले. आता संध्याकाळी घरी आले की मी बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून राहायची.

पहिल्याच आठवड्यात एका दुपारी मी वर्गात शिरले तेव्हा हातात काहीच नव्हतं. ना कागद, ना टिपणं, ना डोक्यात एक वाक्य. तीसेक पोरं-पोरी माझ्याकडे बघत होती. वर्गाच्या एका बाजूला सरावाची कॉट असते. तिच्यावर प्लॅस्टिकची बाहुली झोपलेली असते, जिला पोरं वर्षभर इंजेक्शनं देतात आणि जी कधी हूं की चूं करत नाही. माझ्या पायांचे तुकडे पडत होते. मी बाहुलीला भिंतीकडे सरकवलं आणि कॉटवर बसले. बसल्यावर वाटलं, आता पडावंच. पडले.

"मी पेशंट," मी छताकडे बघत म्हणाले. "सकाळपासून पोट दुखतंय म्हणून आलेय. विचारा."

पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. मग पहिल्या बाकावरची एक पोरगी बोलली. तिला मी रेडिओ म्हणते, कारण ती बंद करायचं बटण कुठं आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही. "काय होतंय तुम्हाला?"

"पोट दुखतंय. आत्ता सांगितलं ना? ऐकू येत नाही का?"

वर्ग हसला आणि गाडी सुरू झाली. कुठं दुखतंय, कधीपासून, काय खाल्लं. लांबूनं विचारलं, "काही औषध घेता?" हा लांबू वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, दारातून आत येताना सवयीनं वाकतो. मी म्हणाले, "नाही." तो मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे गेला. तास संपत आला तरी कुणाला काही पत्ता लागेना. शेवटी मी उठून बसले आणि सांगितलं. ही बाई सकाळी खरोखरच वॉर्डात आली होती. नाव-गाव मी बदललं, एवढंच. गुडघे दुखतात म्हणून ती महिनोन्‌महिने उपाशीपोटी गोळ्या घेत होती, आणि त्या गोळ्यांनी पोटात जखम झाली होती.

"पण मी औषधाचं विचारलं होतं!" लांबू उसळला.

"विचारलंस. पण तिच्या मते ते औषध नाहीच. ती गुडघ्याची गोळी. शेजारीण घेते म्हणून ही घेते. पेशंट पहिल्या प्रश्नाला शिष्टाचार म्हणून उत्तर देतो बाळा. खरं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला मिळतं. तो तू विचारलाच नाहीस."

त्या दिवशी वर्गातून जाताना पोरं पोटाच्या जखमेवरचा धडा उघडून भांडत होती. मी सांगितलं नव्हतं तरी. रंगीत हृदय टांगून वर्षानुवर्षं शिकवलं, पण त्या हृदयावरून कधी कुणी भांडलं नव्हतं. मला जरा वाईटच वाटलं. किती रंग फुकट गेले.

मग हीच रीत पडली. अंगण ओलांडता ओलांडता सकाळचा एक पेशंट निवडायचा आणि वर्गात जाऊन तो व्हायचं. तयारी म्हणाल तर एवढीच, चादरींच्या दोऱ्यांखालून वाकून जाईपर्यंतची. हळूहळू नियमही ठरले. विचारल्याशिवाय पेशंट काही सांगणार नाही. हात लावायच्या आधी विचारायचं. आणि पेशंट "मी बरा आहे" म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. हा शेवटचा नियम मी जरा दुष्टपणे शिकवला. एकदा खेळ ऐन रंगात असताना मी उठून बसले आणि म्हणाले, "चला, पुरे झालं आज. मला बरं वाटतंय." सगळ्यांनी पटापट वह्या मिटल्या. तेव्हा मी म्हणाले, "पेशंट उठून घरी निघाला आणि फाटकाशी कोसळला. शाबास. कुणी अडवलं का त्याला?" पोरांनी मला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील ते सोडा, पण धडा बसला. पुढंही अधूनमधून मी हाच डाव टाकायची.

एका दुपारी प्राचार्याबाई पाहणीला आल्या. त्या दारात उभ्या, मी कॉटवर चादर ओढून कण्हतेय, आणि रेडिओ माझी लघवी कुठल्या रंगाची आहे ते विचारतेय. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"नाही," मी म्हणाले. "मूतखडा आहे."

वर्ग सुटल्यावर त्यांनी मला खोलीत बोलावलं. लेसन प्लॅन कुठं आहे, पाठाची उद्दिष्टं कुठं लिहिलीत, वगैरे झालं. मी म्हणाले, मला तासभर मोकळा वेळ द्या, उद्दिष्टं लिहून देते. तेवढा वेळ त्यांच्याकडेही नव्हता. मग त्यांनी विषय बदलला.

"ती तुमची कुजबुज. तिचं काय करायचं?"

कुजबुज हे नाव मीच ठेवलेलं आणि ते शाळाभर झालेलं. ही पोरगी बोलली तर तिच्या शेजारणीलाही पुन्हा विचारावं लागायचं. काम सुरेख करायची. पलंगाची चादर अशी ओढायची की सुरकुतीला जागा राहू नये. बी.पी. बघताना हात स्थिर. पण पेशंटनं काही विचारलं की हिच्या तोंडाला कुलूप. वॉर्डच्या सिस्टरनी तक्रार केली होती: एक आजी रडत होत्या आणि ही त्यांच्या उशाशी खांबासारखी उभी राहिली, मग खोलीतून निघूनच गेली. पहिलं वर्ष आमच्याकडे परीक्षेचं असतं. वॉर्डात चालणार नाही असं वाटलं तर घरी पाठवतात.

"शनिवारपर्यंत तुमचं मत सांगा," प्राचार्याबाई म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर मी तिच्या वडिलांना बोलावते. उगाच पोरीची वर्षं का घालवायची?"

खरं सांगायचं तर माझंही मत जवळपास झालंच होतं. आवाज नसलेली नर्स काय कामाची? पण नाही म्हणायच्या आधी निदान तिला विचारावं, म्हणून मी तिला वर्गानंतर थांबवलं.

"तुला नेमकं होतं तरी काय गं? प्रश्न येत नाहीत?"

"येतात," ती म्हणाली. मी कान पुढे केला.

"मग विचारत का नाहीस?"

तिनं मान खाली घातली. मी दुसरा प्रश्न विचारणारच होते, पण इतकी दमले होते की गप्प बसले. त्या गप्प बसण्यातच ती बोलली.

"मॅडम, मी विचारलं आणि त्यांनी खरंच सांगितलं, तर? पुढं काय करायचं ते मला येत नसेल तर?"

 इतकी वर्षं शिकवतेय, पण भीतीचं इतकं सरळ वर्णन कुणी केलं नव्हतं.

"येत नसेल तर हाक मार," मी म्हणाले. "मला मार, सिस्टरना मार, डॉक्टरांना मार. सगळं एकटीनं यायला तू कोण लागून गेलीस? विचारायचं आणि हाक मारायची, एवढंच आपलं काम."

"कुणी ऐकलं नाही तर?"

"तर पुन्हा मार. मोठ्यानं."

ती हसली नाही, पण मान हलवून गेली. मी प्राचार्याबाईंना काही सांगितलं नाही. शनिवार यायचा होता अजून.

त्या आठवड्यात मी स्वतः काही ठीक नव्हते, पण हे आता कळतंय. तेव्हा म्हणत होते, दमणूक आहे. डबा रोज जसाच्या तसा परत जायचा. आमचे हे तो उघडून बघायचे आणि विचारायचे, "बरी आहेस ना?" मी म्हणायची, "बरी आहे." मग ते डबा घासायला घ्यायचे.

शुक्रवारी सकाळी वॉर्डाचा जिना चढताना जबडा दुखायला लागला. दाढ असेल, म्हटलं. दुपारी अंगण ओलांडताना पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधे कुणीतरी मूठ दाबून धरल्यासारखं झालं. काल जड पेशंट उचलला होता, म्हटलं. माझ्याकडे प्रत्येक दुखण्याला उत्तर तयार होतं. त्या दिवशीचा पेशंट मी सोपा निवडला: पायरीवरून घसरून पाय मुरगळलेला माळी. म्हणजे मला बराच वेळ नुसतं पडून राहता येईल.

पोरं आता तरबेज झाली होती. कसा पडलात, चक्कर आली होती का, की नुसता पाय सरकला, पडल्यावर शुद्ध गेली होती का. मी माळ्यासारखी कुरकुरत उत्तरं देत होते. पण मधेच शब्द जड व्हायला लागले. खोली गरम वाटायला लागली. मला उलटीसारखं झालं आणि मी उठून बसायचा प्रयत्न केला.

"पुरे झालं आज," मी म्हणाले. "जरा दमलेय. वह्या मिटा."

एकाही वहीचं पान हललं नाही. मग वर्गात हशा पिकला.

"पेशंट पळतोय!" रेडिओ ओरडली. "अडवा, अडवा!"

"आज्जीबात फसणार नाही मॅडम," लांबू म्हणाला आणि दोन्ही हात पसरून दारात उभा राहिला. त्याच्या उंचीपुढे दार पार झाकून गेलं.

"अरे, खरंच पुरे," मी म्हणाले. माझं मलाच ते खोटं वाटलं. हेच वाक्य मी त्यांना इतक्यांदा नाटकात ऐकवलं होतं.

एवढ्यात कुणीतरी माझ्या कॉटपाशी आलं. बघते तर कुजबुज. खेळ सुरू झाल्यापासून आजवर ती कधी जागची उठली नव्हती.

"हात धरू का?" तिनं विचारलं. नियमाप्रमाणे. मी मान हलवली आणि तिनं मनगट धरलं.

"पाय मुरगळलेल्या माणसाला इतका घाम का येतोय?" ती म्हणाली.

"गरम होतंय."

"पंखा वरच आहे." ती थांबली. "तुम्ही मघापासून जबडा दाबताय."

"दाढ आहे गं."

मला वाटलं, आता ती गप्प होईल. ती गप्प झालीच, पण मनगट सोडलं नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली. वर्गात हळूहळू हसू थांबलं. मग तिनं दुसरा प्रश्न विचारला.

"मॅडम, हे माळ्याचं दुखणं नाही. तुमचं काय दुखतंय?"

मला राग आला. खरंच सांगते, आधी राग आला. मी इथली शिकवणारी, आणि ही कालची पोरगी मला विचारतेय! पण तो राग टिकवून धरायचंही त्राण नव्हतं.

"पाठीत," मी म्हणाले. "मधोमध. सकाळपासून. आणि श्वास पुरत नाहीये."

हे ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला. तिला ज्याची भीती होती तेच झालं होतं: तिनं विचारलं, आणि पेशंटनं खरं सांगितलं. एक क्षण ती खांबासारखी उभी राहिली. मला वाटलं, ही आता खोलीतून निघून जाणार.

"खेळ बंद," ती म्हणाली. कुणालाच ऐकू गेलं नाही.

तिनं श्वास घेतला.

"खेळ बंद!" ही अशी ओरडली की अंगणातल्या दोरीवरच्या चिमण्या उडाल्या म्हणे. ते मी पाहिलं नाही, रेडिओ सांगते. "लांबू, व्हीलचेअर आण! पळ!"

"अगं, पण मॅडम नेहमीच असं..." लांबू दारातच.

"नाडी मधेच चुकतेय! नाडीला नाटक येत नाही! पळ म्हणते ना!"

लांबू पळाला. दारातून जाताना वाकायला विसरला आणि कपाळावर हे एवढं टेंगूळ घेऊन व्हीलचेअर आणली. रेडिओ पुढं धावत गेली. तिचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा योग्य जागी वापरला गेला, कारण आम्ही अंगण ओलांडायच्या आत अपघात विभागात सगळे तयार होते. चादरींच्या दोऱ्यांखालून मला नेताना कुजबुज माझं मनगट धरून बाजूनं धावत होती. मी अजूनही सांगत होते, अगं काही नाही, ॲसिडिटी असेल. ती म्हणाली, "तुम्ही बोलू नका." मी गप्प बसले. मला गप्प बसवलेलं आमच्या ह्यांना दाखवायला हवं होतं.

तरुण डॉक्टर ओळखीचे होते. "काय मॅडम, आज इकडे कशा?" असं हसत आले. मग त्यांनी ईसीजीची पट्टी हातात घेतली आणि थट्टा करायचे थांबले. तेव्हा मला कळलं. हृदयाचे चार कप्पे चार रंगांत काढणारी मी, आणि माझ्याच हृदयाची एक रक्तवाहिनी बंद होत आली होती. बायकांना पुष्कळदा छातीत दुखतच नाही, जबडा दुखतो, पाठ दुखते, दमल्यासारखं वाटतं, हे दरवर्षी मीच शिकवते. दरवर्षी, लाल अक्षरांत.

त्यांनी वाहिनी उघडली, आत जाळी बसवली आणि मी वाचले.

आमचे हे आले तेव्हा बिचारे पार उतरले होते. पलंगाशी बसून म्हणाले, "मी रोज विचारत होतो की नाही? बरी आहेस ना म्हणून?"

"एकदाच विचारायचात," मी म्हणाले. ते डोळे पुसता पुसता हसले.

पुढच्या आठवड्यात प्राचार्याबाई भेटायला आल्या. वर्गाचं काय झालं, हे मी काळजीनं विचारलं. त्यांनी जरा इकडेतिकडे बघितलं. रेडिओ मागेच उभी होती, तिला कुठं राहवतंय?

"मॅडम, बाईंनी स्वतः वर्ग घेतला! तयारीला वेळच नव्हता, मग काय, कॉटवर झोपल्या! आम्ही सगळ्यांनी कावीळ सांगितली, तर त्या म्हणाल्या, मला कावीळ नाही, मला तुमचा राग आलाय!"

"तू बाहेर थांब," प्राचार्याबाई म्हणाल्या. पण हसत होत्या. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "शनिवार केव्हाच होऊन गेला. त्या मुलीबद्दल तुमचं मत राहिलंय."

"बाई, मी तुमच्याशी बोलतेय ना? हेच माझं मत."

त्यांनी मान हलवली. तिच्या वडिलांना बोलवायचं तर बोलवा, म्हणाले मी, पण पोरीचं कौतुक करायला. त्यांनी खरंच बोलावलं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशीची सकाळ. माझ्या वॉर्डात कुजबुजची पाळी लागली होती. तिनं बी.पी. बघितलं, औषध दिलं, चादर ओढून सुरकुत्या काढल्या. तिचा आवाज काही फार वाढलेला नाही. मला अजून कान पुढे करावा लागतो.

"झोप लागली का मॅडम?"

"लागली की. छान लागली."

ती गेली नाही. तिथंच उभी राहिली. खिडकीतून अंगण दिसत होतं, कुणीतरी ओल्या चादरी झटकून दोरीवर टाकत होतं. मला माहीत होतं आता काय येणार, आणि तरी मी तयार नव्हते.

"मॅडम, झोप लागली का?"

 मी आयुष्यात इतक्या लोकांच्या उशाशी उभी राहिलेय, पण कुणी माझ्या उशाशी उभं राहून हे दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"नाही गं," मी म्हणाले. "डोळे मिटले की वाटतं, थांबलं तर? मला भीती वाटते."

कुजबुजनं इकडेतिकडे बघितलं. यावर काय करायचं ते कुठल्याच धड्यात नव्हतं, आणि मीही तिला शिकवलेलं नव्हतं. मग तिनं पलंगाखालचं स्टूल ओढलं, माझ्याजवळ बसली आणि माझा हात हातात धरला, नाडी न मोजता.